अधिवृक्क ग्रंथीची गाठ : जनुकीय म्हणजे आनुवंशिकच का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रेनल) ग्रंथीतली साडेपाच सेंटीमीटरची गाठ गेल्या महिन्यात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढली. दादा ४४ वर्षांचा आहे. तीन वर्षे त्याला अधूनमधून अचानक डोके ठणकणे, दरदरून घाम सुटणे आणि छाती धडधडणे असे झटके येत होते. वीस मिनिटांत सगळे शांत व्हायचे आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत रक्तदाबही जागेवर आलेला असायचा, त्यामुळे सर्वांनी ते कामाच्या ताणावर ढकलले. पुढे हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल देताच रक्तदाब २४० वर गेला आणि भूलतज्ज्ञांनी सगळे तिथेच थांबवले, तेव्हा कुठे मेटानेफ्रिनची (अ‍ॅड्रेनलिनच्या विघटनातून बनणाऱ्या पदार्थांची) तपासणी आणि सीटी स्कॅन झाले. निदान फिओक्रोमोसायटोमा असे आहे.

आता दादाच्या रक्ताची जनुकीय चाचणी करावी, असे अंतःस्रावतज्ज्ञांनी सुचवले आहे. वडील (वय ७४) म्हणतात, "आपल्या घराण्यात असले काही नाही. उगाच पोरींच्या लग्नात विघ्न नको." माझा प्रश्न असा, की घरात दुसऱ्या कोणालाही हा आजार नसताना तो आनुवंशिक असण्याची शक्यता कितपत धरावी? 'अधिवृक्काच्या गाठी जनुकीय बदलांमुळे होतात' असे सगळीकडे सरसकट लिहिलेले आढळते, आणि ते वाचून माझा गोंधळ वाढलाच आहे.

रेणुका_नाशिक

मी विकृतिशास्त्रात काम करते, त्यामुळे काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हेच माझे रोजचे काम आहे. सर्वप्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. अधिवृक्क ही दिसायला एक ग्रंथी असली तरी वस्तुतः त्या दोन आहेत. बाहेरची साल अल्डोस्टेरोन, कॉर्टिसॉल आणि काही लैंगिक संप्रेरके तयार करते, तर आतला गाभा अ‍ॅड्रेनलिन आणि त्याचे भाऊबंद तयार करतो. गर्भावस्थेत साल आणि गाभा यांचे मूळच वेगळे असते, कारण गाभ्याच्या पेशी मज्जासंस्थेच्या गोतावळ्यातून तिथे येऊन वसलेल्या असतात. त्यामुळे सालीच्या गाठींमागची जनुके वेगळी आणि गाभ्याच्या गाठींमागची वेगळी. तुमच्या बंधूंची गाठ गाभ्याची आहे. लहान मुलांमधला न्यूरोब्लास्टोमाही बहुधा इथलाच, परंतु त्याची कथा निराळी असल्यामुळे ती इथे आणू नये.

टपरीवरचा_चहा

म्हणजे चाळीत एकाच दारावर एकच पाटी, आणि आत दोन बिऱ्हाडे. तक्रार कोणाच्या नावाने करायची हे आधी ठरवल्याशिवाय मालकाकडे जाऊ नये.

संगणकवेडा

माझा मूलभूत प्रश्न आहे. कर्करोग किंवा कोणतीही गाठ ही जनुकांतल्या बिघाडामुळेच होते, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. मग 'जनुकीय आहे का, ते तपासा' या सूचनेला अर्थ काय उरतो?

जीवरेणू

संगणकवेडा यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मराठीत आपण 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो आणि सगळा घोटाळा तिथे होतो. गाठ जनुकीय असतेच. प्रश्न एवढाच असतो, की तो बदल शरीराच्या प्रत्येक पेशीत जन्मापासून आहे, की आयुष्यात कधीतरी एका पेशीत घडून फक्त तिच्या वंशजांत, म्हणजे गाठीत, उतरला आहे. पहिला बदल रक्ताच्या तपासणीत सापडतो आणि मुलाबाळांत जाऊ शकतो. दुसरा रक्तात सापडत नाही आणि रुग्णाबरोबरच संपतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. फिओक्रोमोसायटोमाबद्दल पूर्वी 'दहाचा नियम' शिकवत असत : दहा टक्के आनुवंशिक, दहा टक्के दोन्ही बाजूंना, दहा टक्के ग्रंथीबाहेर, दहा टक्के कर्करोगी. परीक्षेत लिहायला सोपा असल्यामुळे तो फार वर्षे टिकला. २००२ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथील न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे २७१ रुग्ण तपासले, ज्यांच्या घरात कोणालाही आजार माहीत नव्हता आणि ज्यांच्यात दुसऱ्या कोणत्या आनुवंशिक विकाराची लक्षणेही नव्हती. त्यांपैकी ६६ जणांमध्ये, म्हणजे २४ टक्क्यांमध्ये, जन्मजात बदल सापडला. आज सर्व रुग्ण मिळून हे प्रमाण तीसपासून चाळीस टक्क्यांपर्यंत मानले जाते, आणि माणसाला होणाऱ्या गाठींमध्ये एवढा मोठा आनुवंशिक वाटा क्वचितच आढळतो. म्हणूनच कुटुंबात कोणाला काही नसले तरी प्रत्येक रुग्णाला चाचणी सुचवली जाते. तुमच्या डॉक्टरांनी काही अतिरेक केलेला नाही.

दख्खनचा_वाटसरू

जीवरेणू, ती आकडेवारी जर्मनी आणि पोलंडमधल्या रुग्णांची आहे. ती आपल्याला जशीच्या तशी लावणे मला पटत नाही.

रेणुका_नाशिक

शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर मुंबईतच आहे. के. ई. एम. रुग्णालयाच्या अंतःस्राव विभागाने दीडशे भारतीय रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यांतही सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये जन्मजात बदल आढळला, आणि त्यांत व्हीएचएल या जनुकाचा वाटा सर्वांत मोठा होता.

सुगरण_साताऱ्याची

मला माझा अनुभव सांगावासा वाटतो, कारण माझ्याही अधिवृक्कात गाठ होती, परंतु ती सालीची. एकोणतिसाव्या वर्षी रक्तदाब सुरू झाला. तीन गोळ्या घेऊनही तो खाली येईना, पाय गळून जात आणि जिना चढताना मांड्यांत जोरच नसे. रक्तातले पोटॅशियम २.६ निघाले. कॉन्स सिंड्रोम, म्हणजे अल्डोस्टेरोन अति बनण्याचा आजार, असल्याचे निदान व्हायला सात वर्षे लागली. दीड सेंटीमीटरची गाठ काढल्यावर तीनपैकी दोन गोळ्या बंद झाल्या. मीही माझ्या डॉक्टरांना आनुवंशिकतेबद्दल विचारले होते, तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या गाठीत बहुधा जनुकबदल असेल, पण तुमच्यात नाही." त्या वेळी हे वाक्य मला कोड्यासारखे वाटले होते. जीवरेणू यांचे उत्तर वाचून त्याचा अर्थ आज लागला.

जीवरेणू

सुगरणताई, तुमच्या डॉक्टरांनी फार नेमके सांगितले. तुमच्यासारख्या गाठींचे गूढ २०११ मध्ये उकलले. सालीच्या पेशीच्या आवरणात पोटॅशियम आत-बाहेर करणारी एक वाहिनी असते आणि तिचा आराखडा केसीएनजे५ या जनुकात असतो. त्या वाहिनीची चाळणी इतकी काटेकोर असते, की पोटॅशियमचा आयन जातो, पण आकाराने त्याहून लहान असलेला सोडियमचा जात नाही. गाठीतल्या जनुकात एका अक्षराचा फरक पडतो, चाळणी ढिली होते आणि सोडियम आत शिरतो. पेशीचा विद्युतभार बदलतो, त्यामुळे कॅल्शियमचे दरवाजे उघडतात, आणि कॅल्शियम हाच अल्डोस्टेरोन तयार करण्याचा हुकूम असल्यामुळे कारखाना रात्रंदिवस चालू राहतो.

नंतर कॅल्शियमच्या वाहिनीची आणि सोडियम-पोटॅशियम पंपाची जनुकेही अशाच गाठींत बिघडलेली सापडली. वाट वेगळी, पण शेवट कॅल्शियमपाशीच. केसीएनजे५ चा बदल युरोपातल्या साधारण चाळीस टक्के गाठींत, तर जपानमधल्या सुमारे सत्तर टक्के गाठींत मिळतो, आणि तरुण स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. हा बदल जवळपास नेहमी गाठीपुरताच असतो. तोच बदल जन्मजात असलेली काही कुटुंबेही माहीत आहेत, पण ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

टपरीवरचा_चहा

आमच्या सोसायटीचा पहारेकरी नेमका असाच आहे. ओळखपत्र असलेल्या सभासदाला तो अर्धा तास उभा करतो आणि विक्रेते मात्र थेट चौथ्या मजल्यावर पोहोचतात. आता त्याला केसीएनजे५ म्हणावे, असा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे.

शब्दवेल्हाळ

विषयाला धरूनच एक भाषिक टिपण देतो. 'म्यूटेशन'ला पाठ्यपुस्तकांत 'उत्परिवर्तन' म्हणतात. त्या शब्दातील 'उत्' या उपसर्गामुळे काहीतरी उन्नती झाल्याचा भास होतो, आणि इथे तर सगळा ऱ्हासच दिसतो. जीवरेणू वापरतात तो 'जनुकबदल' हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो.

रेणुका_नाशिक

ऱ्हासच असतो असे नाही, शब्दवेल्हाळ. काही बदलांमुळे प्रथिनाचे काम बंद पडते, तर काहींमुळे ते थांबतच नाही. कॉर्टिसॉल बनवणाऱ्या गाठी घ्या. पीकेए नावाच्या विकराला एक लगाम बांधलेला असतो, आणि वरून संदेश आला की तो सैल होतो. पीआरकेएसीए या जनुकात २०१४ मध्ये असा बदल सापडला, की तो लगाम विकराला बसतच नाही. विकर उधळतो आणि रुग्णाला चंद्रासारखा गोल चेहरा, पोटावर जांभळे पट्टे, मधुमेह हे सगळे कुशिंगचे भोग लागतात. ठळक कुशिंग असलेल्या रुग्णांच्या अशा गाठींपैकी एक तृतीयांशांहून अधिक गाठींत हा बदल आढळतो, आणि तोही गाठीपुरताच असतो. मात्र दोन्ही ग्रंथींत मोठमोठ्या गाठी असतील, तर एआरएमसी५ या जनुकाचा जन्मजात बदल शोधावा लागतो.

आजरा_घनसाळ

सगळे वाचले, पण मला व्यवहाराचे बोलायचे आहे. गाठ निघाली, रुग्ण बरा झाला. आता चाचणीचा निकाल 'आहे' असा आला, तर जनुक दुरुस्त करणारे औषध आहे का? नसेल तर घरातल्या वीस माणसांच्या डोक्यावर टांगती तलवार ठेवून काय साधणार? कृष्णाकाठ यांच्या वडिलांना इथे सगळे मनातल्या मनात अडाणी ठरवत आहेत, असे मला वाटते. लग्नाच्या बाजारात मुलीच्या रक्ताचा अहवाल फिरू लागला म्हणजे काय होते, ते मी माझ्या नात्यात पाहिले आहे. शिवाय विम्याची कटकट वेगळीच.

जीवरेणू

वडिलांची भीती खोटी नाही, हे मान्य. विम्यापुरते सांगायचे, तर दिल्ली उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१८ मध्ये विमा नियामकाने आरोग्य विम्याचे दावे केवळ 'जनुकीय विकार' या सबबीवर नाकारू नयेत, असे कंपन्यांना कळवले आहे.

आता चाचणीने काय साधते, ते पाहू. आरईटी या जनुकातला बदल निघाला, तर फिओक्रोमोसायटोमा ही दुय्यम बाब ठरते. त्या व्यक्तीला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग होण्याची जवळपास खात्रीच असते, आणि बदल नेमका कुठे आहे त्यानुसार लहान मुलांची थायरॉइड ग्रंथी पाचव्या वर्षाच्या सुमारास, काही प्रकारांत तर पहिल्याच वर्षात, काढून तो कर्करोग टाळता येतो. व्हीएचएल निघाला तर मूत्रपिंड, डोळे आणि मेंदू यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. एसडीएचबी निघाला तर गाठ इतरत्र पसरण्याचा धोका बराच मोठा असल्यामुळे रुग्णाला कधीच मोकळे सोडत नाहीत. जनुक दुरुस्त करता येत नाही, हे खरे. पण कुठे आणि कधी पाहायचे, ते कळते.

एक इतिहासही सांगतो. या गाठीचे अभिजात वर्णन फ्रायबुर्गमध्येच १८८६ साली झाले. अठरा वर्षांची मुलगी अशाच झटक्यांनी दगावली आणि शवविच्छेदनात तिच्या दोन्ही अधिवृक्कांत गाठी मिळाल्या. तिच्या नातेवाइकांचे वंशज शोधून २००७ मध्ये तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्यात आरईटीचा जन्मजात बदल निघाला. म्हणजे वैद्यकाला हा आजार ज्या रुग्णामुळे माहीत झाला, तिचाच आजार आनुवंशिक होता, आणि ते कळायला १२१ वर्षे लागली. तिच्या घरातही तेव्हा 'आपल्यात असले काही नाही' असेच म्हणत असतील.

पराना_ते_पुणे

नोकरीनिमित्त मी सहा वर्षे ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात होतो, म्हणून आजरा_घनसाळ यांच्या आक्षेपाशी संबंधित एक उदाहरण देतो. अधिवृक्काच्या सालीचा कर्करोग अतिशय दुर्मीळ असून दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एक-दोघांना होतो. दक्षिण ब्राझीलमधल्या लहान मुलांत मात्र त्याचे प्रमाण जगाच्या तुलनेत दहा ते पंधरा पट आहे. कारण टीपी५३ या जनुकात आहे. त्याच्या प्रथिनातल्या ३३७ व्या जागेवर आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन येतो, आणि हा बदल एका सामाईक पूर्वजापासून पिढ्यान्‌पिढ्या पसरला आहे.

पराना राज्यात नवजात बालकांची या बदलासाठी तपासणी झाली. १,७१,६४९ बालकांपैकी ४६१ वाहक निघाली, म्हणजे हजारी जवळपास तीन. त्यांतल्या बहुसंख्य मुलांना ही गाठ कधीच होत नाही. वाद तिथेच आहे. एका बाजूचे म्हणणे, की पाळतीवर असलेल्या मुलांची गाठ लहान असतानाच सापडते आणि शस्त्रक्रियेने मूल बरे होते. दुसरी बाजू विचारते, की उरलेल्या शेकडो आईबापांनी वर्षानुवर्षे धास्ती का बाळगावी? माझ्या शेजारच्या बाईंचा मुलगा वाहक होता. त्या मला म्हणाल्या होत्या, की ठाऊक नसताना त्यांना रात्री जास्त शांत झोप लागायची, पण ती झोप त्यांना परत नको आहे.

आजरा_घनसाळ

शेजारीणबाईंचे वाक्य विचार करायला लावणारे आहे. माझा आक्षेप मी अर्धा मागे घेतो, पूर्ण नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे. हा धागा मी छापून वडिलांना वाचायला दिला. फ्रायबुर्गची गोष्ट त्यांनी दोनदा वाचली आणि रात्री जेवताना अचानक म्हणाले, "अण्णाच्या मानेची गाठ यात धरायची का?" अण्णा म्हणजे माझे थोरले काका. १९९८ मध्ये त्यांच्या मानेतली गाठ काढली होती आणि आम्ही सगळे आजवर ती थायरॉइडची समजत होतो. काका २०११ मध्ये अपघातात गेले. काकूंनी माळ्यावरून जुनी पिशवी उतरवली, तीत अहवाल निघाला : 'कॅरोटिड बॉडी ट्यूमर'. सोबत मेणाचा लहानसा ठोकळाही आहे. रेणुकाताई, त्याचा काही उपयोग असतो का?

रेणुका_नाशिक

फेकू नका! कॅरोटिड बॉडी म्हणजे मानेतल्या धमनीजवळचा, रक्तातला ऑक्सिजन जोखणारा इवलासा अवयव. तिथली गाठ म्हणजे पॅरागँग्लिओमा, फिओक्रोमोसायटोमाचा सख्खा चुलतभाऊ. त्या ठोकळ्यातल्या मेणात गाठीचा तुकडा आहे. त्याच्या कापांवर एसडीएचबी प्रथिनाचे रंजन करता येते आणि इतक्या जुन्या ठोकळ्यावरही ते सहसा जमते. रंग आला नाही, तर एसडीएच कुटुंबातले कोणते तरी जनुक बिघडले आहे असे मानायला भक्कम आधार मिळतो. एसडीएच या विकराच्या चार घटकांपैकी कोणताही मोडला तरी सगळी रचना ढासळते, म्हणून एकाच रंजनाने चौघांचा सुगावा लागतो.

संगणकवेडा

एसडीएच म्हणजे क्रेब्ज चक्रातले सक्सिनेट डिहायड्रोजनेजच ना? बारावीत पाठ केले होते. ऊर्जा तयार करणारे विकर बिघडले तर पेशी मरायला हवी, ती वाढते कशी?

जीवरेणू

तेच तर आश्चर्य आहे. विकर बंद पडले की सक्सिनेट साचते. पेशीत ऑक्सिजनची चाचपणी करणारी काही विकरे असतात. ऑक्सिजन पुरेसा असला की ती एचआयएफ नावाच्या प्रथिनावर खूण करतात, आणि व्हीएचएलचे प्रथिन त्या खुणेवरून त्याला मोडीत काढते. साचलेले सक्सिनेट खूण करणाऱ्या विकरांनाच अडवते. एचआयएफ मोडीत निघत नाही आणि भरपूर ऑक्सिजन असूनही पेशीला गुदमरल्याचा भास होतो. मग ती नव्या रक्तवाहिन्या मागवते आणि वाढत सुटते. म्हणजे व्हीएचएल आणि एसडीएच ही वरकरणी असंबद्ध जनुके एकाच यंत्रणेची दोन टोके आहेत. ही ऑक्सिजनची यंत्रणा उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. अँडीज पर्वतातल्या उंच वस्त्यांमध्ये, जिथे हवाच विरळ, तिथे कॅरोटिड बॉडीच्या गाठी अधिक आढळतात, हेही या चित्रात चपखल बसते.

कृष्णाकाठ

आणखी दोन महिन्यांनी. काकांच्या ठोकळ्यावर रंग आला नाही. दादाच्या रक्तात एसडीएचडीचा बदल निघाला, आणि वडिलांच्याही. 'आपल्या घराण्यात असले काही नाही' म्हणणाऱ्या वडिलांच्या मानेत एमआरआयमध्ये दीड सेंटीमीटरची गाठ दिसली आहे. त्यांना काहीच त्रास नाही, म्हणून सध्या फक्त लक्ष ठेवायचे ठरले आहे.

आता खरी अडचण आत्याची आहे. ती ७० वर्षांची असून ठणठणीत आहे आणि तिला रक्त द्यायचे नाही. तिचे दोन्ही मुलगे निरोगी आहेत. समुपदेशक म्हणाल्या, की आत्याच्या मुलांना सहसा आजार होणार नाही, पण त्यांच्या मुलांना होऊ शकेल. मला ते कळलेले नाही.

जीवरेणू

एसडीएचडीचे वैशिष्ट्य हे, की बदल वडिलांकडून आला तरच आजार होतो. आईकडून आलेला बदल जवळजवळ नेहमी मुका राहतो, अपवाद अगदी विरळ. यामागचे मानले जाणारे कारण असे. गाठ होण्यासाठी पेशीने चांगली प्रतही गमवावी लागते. एसडीएचडी अकराव्या गुणसूत्रावर आहे, आणि त्याच गुणसूत्राच्या दुसऱ्या टोकाला वाढ रोखणारी अशी जनुके आहेत, जी फक्त आईकडून आलेल्या गुणसूत्रावरच जागी असतात. खराब प्रत वडिलांची असेल, तर आईचे अख्खे गुणसूत्र हरवताच चांगली प्रतही जाते आणि लगामही जातो. खराब प्रत आईची असेल, तर वडिलांचे गुणसूत्र हरवले तरी लगाम शाबूत राहतो.

तुमच्या घरी ते असे लागू होते. तुमचे आजोबा बहुधा वाहक असावेत, म्हणून वडील, काका आणि आत्या या तिघांनाही धोका होता. आत्या वाहक असतील तर त्यांच्याही मानेचे आणि पोटाचे एमआरआय व्हायला हवे. त्यांच्या मुलांना बदल आईकडून मिळेल आणि तो मुका राहील, परंतु त्या मुलांच्या मुलांना तो पुन्हा बापाकडून मिळेल आणि बोलू लागेल. एक पिढी गप्प बसते, आणि त्यामुळेच घराण्यात काही नाही असे वाटते. तुमचे चुलतभाऊ, तुम्ही स्वतः आणि दादाच्या मुली यांना मात्र थेट धोका आहे. प्रत्येकाला बदल मिळालेला असण्याची शक्यता निम्मी.

आजरा_घनसाळ

आत्या नाही म्हणत असतील तर हट्ट करू नका. त्यांच्या मुलांनी स्वतःचे रक्त दिले तरी काम भागते.

रेणुका_नाशिक

अगदी योग्य. आणि कृष्णाकाठ, पुतण्यांच्या बाबतीत लग्नाची चिंता घरात निघेलच, म्हणून सांगते : वाहक निघाल्या तरी दरवर्षी रक्तदाब आणि मेटानेफ्रिन, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा मानेपासून ओटीपोटापर्यंत एमआरआय, एवढीच साधारण पाळत असते. शिवाय आई झाल्या तर त्यांच्या मुलांना हा आजार जवळपास होणारच नाही. गर्भारपणापूर्वी मेटानेफ्रिन मात्र चुकवू नका, कारण न कळलेला फिओक्रोमोसायटोमा बाळंतपणात जिवावर बेततो.

कृष्णाकाठ

दोघी पुतण्या आणि दोन चुलतभाऊ यांचे रक्त सोमवारी दिले. माझेही दिले. आत्याच्या धाकट्या मुलाने काल दूरध्वनी करून प्रयोगशाळेचा पत्ता मागून घेतला आहे, आईला सध्या सांगू नका म्हणाला. निकाल महिन्याभरात येतील, तेव्हा इथेच लिहीन.